तीन कोर्स झाले, प्रमाणपत्रं आहेत, नोकरी नाही. आता नेमकं काय शिकू?

माळरान

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बार्शीचा. सोलापुरातून बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स केलं, ७१ टक्के पडले. गेल्या जूनपासून पुण्यात कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहतो. आल्या आल्या जावा फुल स्टॅकचा क्लास लावला. तो संपत आला तेव्हा सगळे म्हणायला लागले की जावाला फार गर्दी आहे, डेटा ॲनालिटिक्स कर. ते केलं. मग कुणी सांगितलं क्लाउडशिवाय हल्ली विचारत नाहीत, म्हणून तेही केलं. तिन्हीची प्रमाणपत्रं आहेत, तिन्ही रेझ्युमेवर आहेत. दोनशेच्या वर अर्ज केले. नऊ ठिकाणी ऑनलाइन टेस्ट झाली, चार ठिकाणी मुलाखत.

चारही ठिकाणी एकच झालं. सुरुवातीची उत्तरं बरी जातात. मग "तुम्ही केलेलं काहीतरी सांगा" म्हणतात. मी क्लासमध्ये सगळ्यांनी मिळून केलेला हॉस्पिटल मॅनेजमेंटचा प्रोजेक्ट सांगतो. त्यावर दुसरा प्रश्न आला की थांबतो.

वडील बार्शीच्या बाजार समितीत एका आडत दुकानावर दिवाणजी आहेत. तिन्ही क्लासची फी त्यांनी भरली, एका शब्दाने विचारलं नाही. दर रविवारी फोनवर फक्त "जेवलास का?" एवढंच विचारतात. आता चौथा कोर्स करायचा म्हणून पैसे मागायला तोंड होत नाही.

मला खरंच कळत नाहीये की मी काय शिकायचं राहिलोय. मी २३ वर्षांचा आहे, अहो-जाहो नको, स्पष्ट सांगा.

फेज_दोन

मित्रा, आधी एक गोष्ट मनातून काढ की सगळा दोष तुझाच आहे. २०२१ मध्ये कंपन्यांनी भरमसाट भरती केली आणि २०२२ संपता संपता हात आखडला. फ्रेशरला ऑफर लेटर देऊन जॉइनिंग महिनोन्‌महिने लांबवल्याची उदाहरणं आमच्याच सोसायटीत आहेत. तुझी बॅच त्या मागच्या रांगेत उभी आहे.

पोर्टलवरून दोनशे अर्ज करण्यापेक्षा ओळखीतून वीस रेझ्युमे पाठव. कॉलेजचे सीनियर शोध आणि नीट दोन ओळी लिहून विचार. लोक मदत करतात. आणि रेझ्युमे एका पानाचा कर. तीन वेगवेगळ्या दिशांचे तीन कोर्स एकाच पानावर दिसले की या मुलाला नक्की काय करायचंय ते वाचणाऱ्याला कळत नाही.

रात्रपाळी

माळरान, तुझ्या पोस्टमधलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. "त्यावर दुसरा प्रश्न आला की थांबतो." माझ्या मते तुझी सगळी अडचण त्या वाक्यात आहे.

मी गेली सात वर्षं मुलाखती घेते. पहिल्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यांची सारखीच येतात, कारण क्लास सारखे आणि नोट्सही सारख्या. खरी मुलाखत दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला सुरू होते. हे असंच का केलं? दुसऱ्या पद्धतीने का नाही? कुठे अडलं होतं? या प्रश्नांना पाठ केलेलं उत्तर नसतं. ज्याने ते स्वतः केलंय आणि करताना दोन रात्री डोकं धरून बसलाय, त्याला ते सांगावंसं वाटतं. कधी कधी थांबवावं लागतं, इतकं सांगतो.

मी माझं सांगते. परभणीहून पुण्याला आले तेव्हा मला सपोर्टमध्ये घेतलं, आणि तेही रात्रपाळीला. डेव्हलपमेंटला गेलेल्या मैत्रिणी पुढे गेल्या आणि आपण तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी, बंद करत बसलो, असं फार वाटायचं. पहिली दोन वर्षं मी खरोखर फक्त तिकिटं बंद केली. वर पाठवायचं, रिस्टार्ट करायचं, "इश्यू रिझॉल्व्ह्ड" लिहायचं.

मग २०११ मध्ये एका रात्री एक तिकीट आलं. एका योजनेच्या लाभार्थ्यांची यादी ओरॅकलच्या डेटाबेसमध्ये चढवायची होती, नावं मराठीत होती. काही हजार ओळींपैकी बऱ्याच नाकारल्या जात होत्या. दिवसपाळीने फाइल तीनदा परत मागवली होती, "फाइल खराब आहे" असा शेरा मारून. मी नाकारलेली नावं वाचायला लागले. ज्ञानेश्वर. लक्ष्मीबाई. पुरुषोत्तम. पार्वतीबाई. आणि आत गेलेली नावं? गणेश, सुमन, विठ्ठल. एके ठिकाणी तर रुक्मिणी आत होती आणि तिच्याच खालची रुक्मिणीबाई बाहेर. तेव्हा लक्षात आलं की फाइल खराब असती तर ती अशी नावं निवडून खराब झाली नसती.

त्रुटीचा क्रमांक होता ओआरए १२८९९, आणि त्यातच लिहिलेलं असतं: प्रत्यक्ष ३०, कमाल २५. दोन वर्षं तो संदेश मी कॉपी करून वर पाठवत होते, वाचत नव्हते. त्या रात्री वाचला. ज्ञानेश्वर मध्ये ३० काय आहे? डोळ्याला तर चार अक्षरं दिसतात, ज्ञा, ने, श्व, र.

वही घेतली आणि फोडून लिहिलं. ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र. दहा. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामायिक संकेतयादीत, हलन्त, काना, मात्रा यांना स्वतंत्र संकेत असतो, आणि यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन एककं, घेतो. दहा त्रिक तीस. रुक्मिणी आठ संकेतांची, म्हणजे २४ बाइट, म्हणून बसली. रुक्मिणीबाई ११ संकेतांची, ३३ बाइट, म्हणून अडकली. तो रकाना २५ चा होता, आणि ओरॅकल मुद्दाम सांगितलं नाही तर रकान्याची लांबी बाइटमध्ये मोजतं. ज्याने तो बनवला त्याने इंग्रजी नावं डोळ्यापुढे ठेवली होती. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ज्ञानेश्वर ११ अक्षरांत आणि ११ बाइटमध्ये बसतो. रकान्याची मोजणी बाइटऐवजी संकेतांत करायची, एवढाच उपाय होता. बदल एका ओळीचा.

पहाटे साडेचारला मी ते वहीतलं फोडलेलं ज्ञानेश्वर तसंच्या तसं मेलमध्ये टाइप करून पाठवलं. दुसऱ्या आठवड्यात मला डेटाबेसच्या टीममध्ये बोलावणं आलं. त्यानंतरच्या प्रत्येक मुलाखतीत मी ही गोष्ट सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी दुसरा, तिसरा, पाचवा प्रश्न आला तरी मला बोलता आलं आहे. कारण मी ते शिकले नव्हते, मला ते सापडलं होतं.

आता तुझ्यासाठी. हॉस्पिटल मॅनेजमेंट सोडून दे. तुला हॉस्पिटल कसं चालतं ते माहीत नाही, म्हणूनच दुसऱ्या प्रश्नाला थांबतोस. तुझे वडील दिवाणजी आहेत. शेतकऱ्याची पट्टी कशी बनते ते तू लहानपणापासून बघितलं असशील. वजन, भाव, हमाली, तोलाई, उचल, हातात पडणारी रक्कम. ती पट्टी बनव. सुरुवातीला वेबसाइट नको, रंगीत डॅशबोर्ड नको. एक डेटाबेस, चार टेबलं, आणि खरी पट्टी बरोबर निघते का एवढंच बघ. भाषा जावा घे नाही तर पायथन, जी हाताला बसते ती. आपल्याकडे भाषेवरून फार वाद घालतात. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा, म्हणजे माहिती टेबलांत मांडायच्या पद्धतीचा, निबंध १९७० मध्ये लिहिला, तेव्हापासून किती भाषा आल्या आणि गेल्या, पण टेबलं जोडून प्रश्न विचारणं अजून तेच आहे. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, मनापासून शिकलास तर फुकट जाणार नाही.

आणि वडिलांकडून एका दिवसाच्या खऱ्या पट्ट्या घे. नावं-फोन झाकून घे, ते शेतकऱ्याचं खासगी आहे. तुझ्या प्रोग्रॅमचं उत्तर आणि वडिलांच्या हातचं उत्तर शेजारी शेजारी ठेव. जिथे जुळणार नाही तिथून तुझं शिक्षण सुरू होईल.

कसबेकर

रात्रपाळीताई, गोष्ट आवडली, पण सगळ्या बाबतीत सहमत नाही. एक प्रोजेक्ट खोलवर करा हे ठीक. पण मुलाखतीपर्यंत पोचायलाच टेस्ट पास व्हावी लागते. त्यात ॲप्टिट्यूड येतं, डेटा स्ट्रक्चर्स येतात, वेळ लावून कोड लिहायला लावतात. प्रॉडक्ट कंपन्यांत तर ॲरे, ट्री, ग्राफ यांशिवाय पहिली फेरीसुद्धा ओलांडता येत नाही. माळरानच्या नऊ टेस्टपैकी पाच तिथेच गेल्या, त्याचं काय? त्याने रोज दोन तास हे सोडवायलाच हवं.

दुसरं, पुण्यात राहून सी-डॅकचा विचार कसा केला नाहीस? परदेशातून सुपर कॉम्प्युटर मिळेना म्हणून १९८८ मध्ये ही संस्था उभी राहिली, १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला, मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे. त्यांचा ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा पदव्युत्तर डिप्लोमा साधारण सहा महिन्यांचा असतो, सी-कॅट प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दिवसभर घासून घेतात आणि शेवटी प्लेसमेंटसाठी कंपन्या येतात. माझ्या दोन भाच्या तिथून लागल्या. फी कमी नाही, पण तू आधीच तीन ठिकाणी भरलीस. आणि ज्याला पैसेच घालायचे नाहीत त्याला आयआयटी आणि आयआयएससीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएल या ऑनलाइन मंचावरची व्याख्यानं फुकट आहेत. डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क सगळं आहे. प्रमाणपत्र हवं तरच परीक्षेची फी.

रात्रपाळी

कसबेकर, टेस्टचा मुद्दा मान्य. मी तो सोडूनच दिला होता. रोज दोन तास म्हणता तसं करावंच. पण डेटा स्ट्रक्चरसुद्धा पाठ करून येत नाही. इंडेक्स लावला की शोध पटकन का होतो, हे बी-ट्री, म्हणजे इंडेक्सची झाडासारखी मांडणी, कागदावर काढून एकदा कळलं की ट्रीचे पुढचे दहा प्रश्न सोपे जातात.

सी-डॅकला माझा विरोध नाही. चौथी फी भरण्याआधी तीन महिने स्वतःला द्यावेत, एवढंच म्हणते.

चाकण

धागा सॉफ्टवेअरकडेच चाललाय म्हणून लिहितो. मी डिप्लोमा मेकॅनिकल. चाकणला एका पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला लागलो. लाइन बंद पडली की पीएलसीवाला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरचा माणूस, यायची वाट बघत तासन्‌तास उभं राहावं लागायचं. एकदा त्याच्या शेजारी बसून लॅडर लॉजिक, म्हणजे त्या कंट्रोलरचा प्रोग्रॅम, वाचायला शिकलो. मग सेन्सरचा डेटा साठवायला लागलो, मग तो डेटा डेटाबेसमध्ये. आज त्याच कारखान्यात सहा लाइनींचं मॉनिटरिंग माझ्याकडे आहे. आयटी पार्कात पाऊल न टाकता टेक्नॉलॉजीतच आहे. ज्या पोरांना मशीनची आवड आहे त्यांनी ती सोडून जावाच्या क्लासला जाऊ नये असं मला कळकळीने वाटतं. ज्याला मशीनही कळतं आणि कोडही कळतो, असा माणूस इकडे शोधून सापडत नाही.

माळरान

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमचा ज्ञानेश्वर मी वहीत फोडून बघितला. मग स्वतःचं नाव फोडलं.

एक विचारायचं होतं. इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. माझ्या रूमवर दोघांनी एका ठिकाणी पैसे भरलेत. ते अडीच वर्षांचा अनुभव दाखवून देतात. ऑफर लेटर, पगाराच्या स्लिपा, रिलिव्हिंग लेटर सगळं देतात, मुलाखतीची तयारीही करून घेतात. एकजण त्यावर लागलाही, साडेपाच लाखांवर. तो मला म्हणतो, फ्रेशर म्हणून आयुष्यभर बसशील. खरं सांगतो, दोन रात्री मी त्यावर विचार केला.

दप्तर

करू नकोस. मी एचआरमध्ये आहे, पार्श्वभूमी पडताळणी माझ्याच टेबलावरून जाते, म्हणून नीट सांगतो.

आम्ही स्लिपा बघून थांबत नाही. यूएएन, म्हणजे पीएफच्या कायम क्रमांकावर, भविष्यनिर्वाह निधीचा सेवा इतिहास असतो. कुठल्या आस्थापनेने कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते त्यात दिसतं. अडीच वर्षं नोकरी केली आणि एकदाही पीएफ नाही, तर प्रश्न येतो. मग बँकेचं स्टेटमेंट मागतो, पगार जमा झालेला दिसायला हवा. मग फॉर्म २६एएस, म्हणजे आयकर खात्याकडचं कर-कपातीचं विवरण. लहान कंपनीत पीएफ नसू शकतो, मान्य, पण तिन्हीकडे काहीच नाही असं खऱ्या नोकरीत होत नाही.

आणि पडताळणी जॉइनिंगनंतरही चालू असते. तुझा मित्र लागला म्हणजे सुटला असं नाही. आठ-दहा महिन्यांनी अहवाल आला आणि त्याच दिवशी लॅपटॉप काढून घेतला, असे प्रसंग माझ्यासमोर झालेत. त्यातला एक मुलगा कामाला खरोखर चांगला होता. त्याच्या मॅनेजरने माझ्याशी वाद घातला, तरी काही करता आलं नाही. त्याला पुढे त्या काळाबद्दल प्रत्येक ठिकाणी काहीतरी सांगावं लागणार, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

नोकरी लावून देतो म्हणून डिपॉझिट मागणाऱ्यालाही एक रुपया देऊ नकोस. आणि "प्लेसमेंट झाल्यावर पैसे द्या" म्हणणाऱ्या क्लासचा करार सहीआधी पूर्ण वाच. बऱ्याचदा त्यात तुझ्या नावावर कर्ज काढलेलं असतं आणि हप्ता नोकरी लागली नाही तरी सुरू होतो.

त्यापेक्षा अप्रेंटिसशिप बघ. पदवीधरांसाठी सरकारचं पोर्टल आहे. विद्यावेतन थोडकं असतं, पण वर्षभर खऱ्या टीममध्ये बसायला मिळतं आणि त्याचं प्रमाणपत्र खरं असतं.

ओसाका_मुक्काम

पुण्यातल्या मुलांसाठी आणखी एक वाट. मी टेस्टर होते आणि शनिवार-रविवार जपानी शिकायचे. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे, शिक्षक चांगले मिळतात. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेच्या पाच पातळ्या असतात, एन-५ पासून एन-१ पर्यंत, परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये. एन-३ झाल्यावर मला क्लायंटच्या कॉलवर बसवायला लागले, एन-२ नंतर इकडे पाठवलं. माझं कोडिंग फार वरच्या दर्जाचं नाही. पण जपानी क्लायंट नेमकं काय म्हणतोय आणि काय म्हणायचं टाळतोय, हे टीमला समजावून सांगणारी मी एकटी होते. तीन-चार वर्षं चिकाटी लागते, मधे सोडलं तर काही उपयोग नाही.

माळरान, तुझं इंग्रजी बोलायचं अडत असेल तर तेही असंच रोज बोलूनच येतं. रोज रात्री आज काय केलं ते पाच मिनिटं मोठ्याने इंग्रजीत सांगायचं, भिंतीला सांगितलं तरी चालेल. मी एक वर्ष तेच केलं.

माळरान

चार महिन्यांनी धागा वर काढतोय. जे झालं ते सांगायला हवं असं वाटलं.

पट्टी बनवली. दिवाळीला घरी गेलो तेव्हा वडिलांनी एका दिवसाच्या ४१ पट्ट्यांच्या कार्बन कॉप्या दिल्या, नावांवर त्यांनी स्वतः कागद चिकटवला. पायथन आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस घेतला. कसबेकर, रोज सकाळी दोन तास प्रॉब्लेम सोडवायचो आणि संध्याकाळी पट्टी.

पहिल्यांदा ४१ पैकी २६ जुळल्या. उरलेल्यांत माझीच समज चुकली होती. हमाली मी क्विंटलवर लावली होती, दुकानात ती पोत्यावर घेतात. ते वडिलांना विचारलं तेव्हा ते अर्धा तास बोलत होते. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाबद्दल मी त्यांना पहिल्यांदा काही विचारलं होतं.

दुरुस्त केल्यावर ३८ जुळल्या. तीन राहिल्या, तिन्ही बरोबर एका रुपयाने कमी. ताई, तुम्ही म्हणालात तिथून शिक्षण सुरू होईल, तसंच झालं. पैशासाठी फ्लोट (अपूर्णांक अंदाजे साठवणारा प्रकार) वापरू नये हे वाचलं होतं म्हणून आधीपासूनच डेसिमल (दशांश नेमके साठवणारा प्रकार) होतं, म्हणजे कारण ते नव्हतं. पाच दिवस काही सापडलं नाही. मग त्या तीन पट्ट्या वहीत एकाखाली एक लिहिल्या. त्यातली एक अशी: सोयाबीन १२ क्विंटल ३७ किलो, भाव ४,६५०. रक्कम येते ५७,५२०.५०. वडील पैसे सोडताना ५० पैशांचा पुढचा रुपया धरतात, म्हणून त्यांच्याकडे ५७,५२१. माझ्याकडे ५७,५२०. बाकी दोन्हींतही शेवटी ५० पैसेच होते. पण ५० पैशांवर संपणाऱ्या आणखी दोन पट्ट्या होत्या आणि त्या जुळत होत्या! त्यांत रुपयाचा आकडा विषम होता. न जुळणाऱ्या तिन्हींत सम.

हे दिसल्यावर मी पायथनच्या राउंडचं, म्हणजे आकडा पूर्णांकात आणणाऱ्या फंक्शनचं, मूळ पान उघडून वाचलं. नेमका अर्धा आला तर ते जवळच्या सम संख्येकडे जातं. ५७,५२०.५० चं ५७,५२० होतं आणि ५७,५२१.५० चं ५७,५२२. त्याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. नेहमी वरच धरलं तर मोठ्या बेरजेत एकाच बाजूला फरक साठत जातो, तो टाळायला ही पद्धत आहे. म्हणजे प्रोग्रॅम चूक नव्हता आणि वडीलही चूक नव्हते. दोघांचे नियम वेगळे होते, आणि दुकानात दुकानाचाच नियम चालणार. अर्धा नेहमी वर धरायचा असं सांगायची सोय डेसिमलमध्ये आहे, ते लावलं. ४१ पैकी ४१.

वडिलांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी चष्मा लावून सगळ्या ४१ ओळी वाचल्या आणि म्हणाले, "हं, बरोबर आहे."

गेल्या महिन्यात बाणेरला एका छोट्या कंपनीत मुलाखत झाली. त्यांनी विचारलं, केलेलं काहीतरी सांगा. पाऊण तास झाला. त्यांनी सम-विषमचं ऐकल्यावर स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये तेच तपासून बघितलं. सोमवारपासून अप्रेंटिस म्हणून जातोय, बिलिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टला. विद्यावेतनात कॉट आणि मेस निघते.

फेज_दोन

वा मित्रा! वाचताना अंगावर काटा आला. मनापासून अभिनंदन.

नवखी

अभिनंदन दादा. मी दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे सगळे म्हणतात, आता एआय सगळा कोड लिहून देतं, ज्युनियर कुणाला लागणारच नाहीत. मग हे सगळं शिकून उपयोग आहे का?

माळरान

नवखी, मी पट्टीचा पहिला कोड एआयकडूनच घेतला होता. राउंड त्यातच होतं. कोड नीटनेटका होता, चालतही होता, आणि ३८ पट्ट्या बरोबर येत होत्या. उरलेल्या तीन आहेत हे मला फक्त वडिलांच्या कार्बन कॉपीमुळे कळलं.

रात्रपाळी

याच्यापुढे माझं फार काही नाही. कामं कमी होताहेत हे मात्र मुलीपासून लपवू नये. जे मी पहिली दोन वर्षं करत होते, संदेश कॉपी करून वर पाठवणं, त्यासाठी यापुढे माणूस ठेवणार नाहीत. त्यामुळे ज्ञानेश्वर फोडायची वेळ तुमच्यावर पहिल्याच महिन्यात येणार, माझ्यासारखी तिसऱ्या वर्षी नाही. तेवढ्या तयारीने या. एआय वापरा, मीही रोज वापरते. पण त्याने दिलेली प्रत्येक ओळ तिथे का आहे हे सांगता येईपर्यंत ती आपली म्हणू नका.

माळरान, बाबांना माझा नमस्कार सांग.

माळरान

ताई, सांगितला. सोमवारपासून जातोय म्हणालो होतो, आज गुरुवार आणि अडकलोय. एक ग्राहक म्हणतो, गाव "कऱ्हाड" टाकून शोधलं की निम्मे खातेदार येतात, निम्मे नाही. स्क्रीनवर दोन्हीकडे कऱ्हाड अगदी सारखं दिसतं. मोकळी जागा पुढे-मागे नाही, तपासली. युनिकोड नॉर्मलायझेशन, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे संकेत एकसारखे करणं, लावून बघितलं, तरी जुळत नाही. सीनियर म्हणतात, ग्राहकाला सगळं परत टाइप करायला सांग.

रात्रपाळी

परत टाइप करायला सांगू नकोस. वही काढ. एक सापडणारं कऱ्हाड आणि एक न सापडणारं, दोन्हींचे संकेत एकाखाली एक लिही आणि किती भरतात ते सांग.

माळरान

सापडणाऱ्यात सहा. क, ऱ, हलन्त, ह, काना, ड.

दुसऱ्यात सात. क, र, हलन्त, मग एक दिसतच नाही असा, ह, काना, ड.

साधा र आहे! साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक मिळून ऱ्ह सारखं दिसतंय. दोन कीबोर्डवरून टाइप झालंय ताई. नॉर्मलायझेशन त्या जोडकाला हात लावत नाही. सीनियरना दाखवून येतो.